तारांच्या मुलखातला माळढोक

सोलापूरच्या माणसाला माळढोक पाहायला जैसलमेर गाठावं लागतं, हे काही भूषणावह नाही. सोलापुरातून बार्शी रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर नान्नज येतं. १९७९ साली अभयारण्य झालं ते याच पक्ष्यासाठी. तिथल्या फलकावर माळढोक आहे, आमच्याकडच्या शाळांमधल्या चित्रकला स्पर्धांत आहे, नेत्यांच्या भाषणातही अधूनमधून असतो. माळावर मात्र वर्षानुवर्षं वाट पाहूनही तो दिसेल याची खात्री कोणी देत नाही. बाहेरगावचे पाहुणे दुर्बीण घेऊन येतात, काळवीट बघतात, नशीब असलं तर लांडगा बघतात आणि परत जातात. जाताना विचारतात, ‘तो मोठा पक्षी कुठे असतो हो?’

तो राजस्थानात असतो. म्हणून गेल्या हिवाळ्यात निघालो.

निघण्याआधी आमच्याकडचा हिशेब थोडक्यात सांगतो, कारण पुढे जे पाहिलं ते त्याशिवाय नीट कळणार नाही. एकोणिसाव्या शतकात कर्नल सायक्सने दख्खनच्या पक्ष्यांची नोंद केली, तेव्हा माळढोक इथे इतका होता की एका साहेबाने एकट्याने हजारभर मारल्याचं त्याने लिहून ठेवलंय. पुढे बंदुका गेल्या, १९७२ चा वन्यजीव कायदा आला, अभयारण्य आलं. पण ते आखलं गेलं ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावं आली, शेतं आली, लोकांच्या सातबाऱ्यावरच्या जमिनी आल्या. मुलीच्या लग्नाला दोन एकर विकायचे तरी अडचण, विहीर खणायची तरी अडचण. ज्या पक्ष्याला शेतकरी पूर्वी हटकतसुद्धा नव्हता, त्याचं नाव काढलं की तो तोंड फिरवू लागला. पुढे क्षेत्र कमी करून सव्वाबाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं, पण मनं काही त्या हिशेबाने परत येत नाहीत. दरम्यान उजनीचं पाणी आलं, ऊस आला, बोअर आल्या. मोकळ्या माळावर झाडं लावणं म्हणजे पुण्य, असं समजून ग्लिरिसिडियाची लागवडही झाली. माळढोकाला झाड नको असतं. त्याला चहूबाजूंनी नजर पोचेल असं आखूड गवत हवं असतं. आपण त्याला मारलं नाही. त्याचा माळ तेवढा काढून घेतला.

जोधपूरहून फलोदीला गेलो ते खीचनसाठी. वाट थोडी वाकडी होते, पण हिवाळ्यात त्या बाजूला जाऊन खीचन चुकवणं म्हणजे पंढरपुरात जाऊन चंद्रभागा न पाहणं. तिथे कर्करा क्रौंच उतरतात, त्यांना तिकडे कुरजां म्हणतात. मध्य आशियातून सप्टेंबरच्या सुमारास येतात आणि मार्चपर्यंत राहतात. गावाने त्यांच्यासाठी चुग्गाघर बांधलंय, कुंपण घातलेलं दाणे टाकायचं अंगण. जैन व्यापाऱ्यांच्या देणग्यांतून ज्वारीची पोती येतात. सकाळी थव्यामागून थवा त्या अंगणात उतरतो, आणि आवाज इतका होतो की शेजारच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागतं. राजस्थानी लोकगीतांतली विरहिणी परदेशी गेलेल्या नवऱ्याला निरोप पाठवते तो याच पक्ष्याजवळ. २०२५ मध्ये खीचनला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. गच्चीवर उभ्या असलेल्या एका आजोबांना मी तसं म्हटलं, तर ते म्हणाले, ‘दर्जा चांगलाच आहे. पण धुक्याच्या दिवशी कुरजां तारांना आपटतात, त्याचं बघा म्हणावं.’

तारांबद्दल पहिल्यांदा ऐकलं ते असं. पुढच्या सगळ्या प्रवासात मग दुसरं काही ऐकूच आलं नाही.

फलोदीहून रामदेवरा, तिथून पोकरण. रामदेवऱ्यात रामदेवबाबांच्या दर्शनाला लोटलेली गर्दी आणि त्याच गावाजवळ माळढोकाचं प्रजनन केंद्र. केंद्रात बाहेरच्या माणसाला प्रवेश नाही आणि तो नसावाच. २०१९ पासून रानातली अंडी उचलून, यंत्रात उबवून इथे आणि जैसलमेरजवळच्या सम गावी पिल्लं वाढवली जाताहेत. माळढोकाची मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. कुत्रं, कोल्हा, रानडुक्कर, कोणीही ते उचलावं. म्हणून शास्त्रज्ञांनी हा उपद्व्याप आरंभला. २०२४ च्या ऑक्टोबरात तर कृत्रिम रेतनातून पिल्लू जन्माला आलं. रामदेवऱ्याच्या नराचं वीर्य सुमारे २०० किलोमीटरवरच्या दुसऱ्या केंद्रात नेऊन तिथल्या मादीला दिलं होतं. माळढोकाच्या बाबतीत असं पहिल्यांदाच घडलं. ज्यांनी हे केलं त्यांच्या चिकाटीला नमस्कार. पण कुंपणाबाहेर उभं राहिल्यावर पहिला प्रश्न मनात आला तो असा, की ही पिल्लं मोठी झाल्यावर सोडायची कुठे?

पोकरण म्हटलं की आपल्याला १९९८ चे अणुस्फोट आठवतात. माळढोकाच्या दृष्टीने तिथली मोठी गोष्ट वेगळीच आहे. लष्कराच्या गोळीबार सरावाच्या क्षेत्रात तो टिकून आहे. तोफा धडाडतात, पण तिथे नांगर नाही, वस्ती नाही, विजेच्या तारांचं जाळं नाही. तोफेपेक्षा तार वाईट, हा निवाडा पक्ष्याने स्वतःच दिलाय.

पोकरण ते लाठी या पट्ट्यात खेतोलाई, ढोलिया ही वन्यजीवांना जपणाऱ्या बिश्नोई समाजाची गावं लागतात. इथले एक मध्यमवयीन गृहस्थ आमचे वाटाडे झाले. डोक्याला पांढरा फेटा, हातात साधा मोबाइल, आणि नजर अशी की मी दुर्बीण रोखेपर्यंत यांनी पक्ष्याचं नाव सांगून टाकलेलं असायचं. ते मला ‘भाईसा’ म्हणायचे, मीही त्यांना तसंच म्हणू लागलो. त्यांनी पहिल्यांदा ढोलियाचे राधेश्याम बिश्नोई यांची आठवण काढली. हा तरुण उन्हाळ्यात टँकरने पाणी आणून रानातल्या खेळी, म्हणजे जनावरांसाठीच्या पाण्याच्या कुंड्या, भरायचा, जखमी चिंकारा उचलून आणायचा, शिकाऱ्यांच्या मागावर रात्री-अपरात्री निघायचा, आणि गोडावण कुठे मेलं, कुठे बसलंय याची खबर सगळ्यांत आधी त्याच्याकडे असायची. गोडावण हे माळढोकाचं तिकडचं नाव, राजस्थानचा राज्यपक्षी. २०२५ च्या मे महिन्यात शिकाऱ्यांची खबर लागली म्हणून रात्री निघालेली त्याची गाडी ट्रकला धडकली. त्याच्यासह चौघे गेले, त्यांत एक वनरक्षकही होता. राधेश्याम अठ्ठावीस वर्षांचा होता. आमचे भाईसा म्हणाले, ‘आता खेळी आम्ही भरतो. त्याच्याइतक्या वेळेवर होत नाही.’ एवढंच म्हणून त्यांनी गाडी सुरू करायला सांगितली.

जैसलमेर जिल्ह्यात देगराय मातेचं ओरण आहे. ओरण म्हणजे देवीच्या नावाने राखलेलं रान, आपल्या देवराईसारखं. फरक इतका की आपल्या देवराईत दिवसा अंधार असतो आणि इथे हजारो बिघे उघडं आकाश. मध्ये खेजडी, केर, बोरडी आणि खाली सेवण गवत. इथे फांदी तोडायची नाही, नांगर घालायचा नाही. उंट, गाई, शेळ्या चरतात, आणि शेकडो वर्षं माळढोकही त्यांच्यातच चरत आला. कोणत्याही कायद्याआधीचं हे अभयारण्य. लोकांनी आपल्या श्रद्धेने राखलेलं, त्यामुळे कोणाच्या मनात पक्ष्याबद्दल राग नाही. नान्नजला जे जमलं नाही ते इथे आपोआप जमलं होतं.

अडचण कागदाची झाली. पुष्कळशी ओरणं महसुली दप्तरात ओरण म्हणून चढलेलीच नाहीत, सरकारी पडीक जमीन म्हणून आहेत. पडीक म्हटल्यावर ती प्रकल्पाला देता येते. जैसलमेरइतकं ऊन आणि वारं देशात फार थोड्या ठिकाणी. त्यामुळे क्षितिजावर पवनचक्क्या, त्यांच्या पलीकडे सौर पॅनेलचे काळे पट्टे, आणि ती सगळी वीज बाहेर वाहून नेणाऱ्या तारा. मी मोजायचा प्रयत्न केला नाही. एका ठिकाणी उभं राहून गोल वळलो तर तारा नाहीत अशी दिशाच सापडेना.

‘ही वीज आमच्या वस्तीवर, ढाणीत, उतरत नाही, भाईसा,’ वाटाड्यांनी वर बोट दाखवलं. ‘ही वरच्या वर दूर निघून जाते. तुमच्याकडे येत असेल.’

येत असेलही. मी काही बोललो नाही. थरच्या उन्हावर वीज करू नये असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. माझ्या घराच्या गच्चीवरही पॅनेल आहे आणि कोळशाच्या राखेपेक्षा ते बरंच, असं माझं मत आहे. जैसलमेरची माणसंही सौरऊर्जेच्या विरोधात नाहीत. त्यांचं म्हणणं सोपं आहे: ओरण सोडा, आणि तार घालायचीच असेल तर जिथे पक्षी उडतो तिथे ती जमिनीखालून न्या.

त्या दुपारी एका उच्चदाब वाहिनीखाली आम्हाला गिधाड सापडलं. युरेशियन गिधाड, हिवाळ्यात उत्तरेकडून येणारं. एक पंख अंगाखाली मुडपलेला, दुसरा अर्धा उघडा. फार वेळ झालेला नव्हता. भाईसांनी आधी फोटो काढला, मग खांबावरचा क्रमांक वाचून टिपला, ठिकाण पाठवलं, वनखात्याला फोन केला. हे त्यांच्या इतक्या अंगवळणी पडलेलं होतं की मलाच अवघडल्यासारखं झालं. मी म्हटलं, ‘थोडा वेळ थांबू या का?’ तर म्हणाले, ‘थांबावंच लागेल. खात्याचा माणूस येईपर्यंत कुत्री नेतील. पक्षी गायब झाला की तार निर्दोष.’

त्यांनी हे वाक्य सहज टाकलं, पण या प्रकरणातली खरी मेख तीच आहे. मेलेला पक्षी तारेखाली फार काळ राहत नाही. कुत्री, कोल्हे त्याला ओढून नेतात, म्हणून जे सापडतात ते थोडे असतात आणि थोडे सापडले म्हणून मेलेही थोडेच, असा युक्तिवाद करता येतो. भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी म्हणूनच तारांच्या ठरावीक लांबीखाली पुन्हा पुन्हा फिरून शवं शोधली आणि वाहून नेलेल्यांचा हिशेब धरून अंदाज बांधला: थरमधल्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात वर्षाला साधारण ८४,००० पक्षी तारांमुळे मरतात. यात सगळ्या जातींचे पक्षी आले. चंडोल, कबुतरं, गिधाडं आली आणि माळढोकही. चंडोलाची जात एवढ्याने संपत नाही. माळढोक मात्र जगात उरलेत तेच दीडशेच्या आसपास. त्यांतला एक प्रौढ पक्षी गेला की वर्षाला एक अंडं या वेगाने तो भरून यायला किती वेळ लागेल, ते कोणीही बोटांवर मोजावं.

तारांवर फिरत्या चकत्या लावलेल्या असतात, डायव्हर्टर. उन्हात चमकतात आणि वाऱ्यावर फिरतात, म्हणजे पक्ष्याला तार कळावी. काही वाहिन्यांवर त्या ओळीने दिसल्या, काहींवर मध्येच गळालेल्या, काहींवर नव्हत्याच. चकतीने फरक पडतो, पण जमिनीखालच्या तारेला चकती लागतच नाही.

जैसलमेरचा किल्ला मी बाहेरूनच पाहिला. सोन्याचा किल्ला म्हणतात, असेल. समच्या वाळूच्या टेकड्यांवर मोठमोठ्या आवाजातली गाणी आणि जीपगाड्यांची शर्यत चालू होती, तिथे पाच मिनिटं थांबलो आणि निघालो. जो माणूस वाळवंट बघायला येऊन वाळवंटाचा आवाज ऐकत नाही, त्याच्याशी माझं जमत नाही.

डेझर्ट नॅशनल पार्क ३,१६२ चौरस किलोमीटरचं आहे. नाव राष्ट्रीय उद्यानाचं असलं तरी आत गावं आणि ढाण्या आहेत. माळढोकासाठी खरी राखलेली जागा म्हणजे सुदासरीसारखी कुंपण घातलेली गवताची आवारं. परवानगी काढून पहाटे तिकडे गेलो. थंडी कानाला झोंबत होती. आधी धाविक दिसले, वाळूच्याच रंगाचे, पळताना तेवढे दिसायचे आणि थांबले की पुन्हा नाहीसे. रणगोजे दर दगडावर. पखुर्ड्यांचा थवा पाण्याकडे निघालेला. सांडा अजून बिळाबाहेर आलेला नव्हता, त्याला ऊन लागतं.

‘भाईसा, समोर. केरच्या डाव्या हाताला.’

मला दिसेना. मग केरच्या झुडपामागून एक मान उंच झाली. पांढरी, लांब, डोक्यावर काळी टोपी. नर होता. पूर्ण बाहेर आला तेव्हा छातीवरचा काळा पट्टाही दिसला. जवळजवळ मीटरभर उंच, आणि चाल अशी की गाव सोडून कुठे जायची घाई नाही. थोड्या अंतरावर दोन माद्या गवतात चोच घालत होत्या, किडे, बोरं, जे मिळेल ते. मी आयुष्यभर ज्याची चित्रं पाहिली, व्याख्यानं ऐकली, तो असा समोर चरताना बघून मी काही वेळ टिपणवही उघडलीच नाही.

पूर्ण वाढलेला नर पंधरा किलोंपर्यंत भरतो, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या गॅसइतका. एवढं वजन घेऊन उडणारे पक्षी जगात मोजकेच. वजनामुळे त्याला हवेत झटकन वळता येत नाही. त्यात त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना. माळावर शत्रू कुठूनही येऊ शकतो, तेव्हा चहूकडे दिसावं म्हणून निसर्गाने केलेली ही सोय. त्याची किंमत म्हणजे नाकासमोर त्याला फारसं दिसत नाही, आणि उडताना मान खाली घालून तो जमीन निरखत असला तर पुढचं मुळीच दिसत नाही. लाखो वर्षं माळाच्या हवेत आडवं काही नव्हतंच, तेव्हा पुढचं बघायची गरज काय होती? तार दिसते तेव्हा उशीर झालेला असतो, आणि वळायचं तर अंग जड.

माद्यांतली एक उडाली. चार-सहा पावलं पळत जाऊन, रुंद पंख सावकाश हलवत, जमिनीपासून फार वर न जाता. तिच्या वाटेत कुंपण होतं, ते तिने ओलांडलं. भाईसा तिच्याकडे बघत नव्हते, ते तिच्या पुढच्या आकाशाकडे बघत होते. त्या दिशेला तारा नव्हत्या. ‘आत सगळं ठीक आहे,’ ते म्हणाले. ‘पण तिला आत-बाहेर कुठे कळतंय?’

या प्रश्नावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने काही वर्षं खल केला. एम. के. रणजितसिंह हे सेवानिवृत्त सनदी अधिकारी, १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या घडणीत ज्यांचा वाटा मोठा, त्यांनी २०१९ मध्ये याचिका केली. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने माळढोकाच्या प्रदेशातल्या तारा शक्य तिथे भूमिगत करा, बाकीच्यांना डायव्हर्टर लावा, असा आदेश दिला. सरकार आणि वीज क्षेत्रातले लोक म्हणाले, उच्चदाबाच्या तारा जमिनीखालून नेणं परवडणारं नाही, तांत्रिकदृष्ट्याही कठीण. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने सुमारे ९९,००० चौरस किलोमीटरवरचा तो सरसकट आदेश मागे घेतला आणि तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने राजस्थानात सुमारे १४,००० चौरस किलोमीटरचं अग्रक्रम क्षेत्र सुचवलं. २०२४ च्या त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा नागरिकांचा हक्कही मान्य झाला. म्हणजे एका पारड्यात आपला हक्क आणि दुसऱ्यात पक्षी, असं चित्र उभं राहिलं.

मला हे चित्र मान्य नाही. भांडण सूर्य आणि पक्षी यांच्यात नाहीच. भांडण खर्च कोणी सोसायचा याचं आहे. ३३ केव्हीसारख्या कमी दाबाच्या तारा जमिनीखालून नेता येतात, हे कोणी नाकारत नाही. मोठ्या वाहिन्या ओरणं आणि गवताचे पट्टे टाळून, एकत्र एका वाटेने नेता येतात. त्यासाठी काही किलोमीटरचा वळसा पडेल, विजेच्या युनिटवर काही पैसे चढतील. ते पैसे वाचवायचे म्हणून आज तार सरळ रेषेत जाते, आणि त्या बचतीची भरपाई देगरायच्या रानात होते. प्रजनन केंद्रांवर जो खर्च आपण अभिमानाने सांगतो, त्याच्या जोडीला तारेचा खर्च सोसला नाही, तर रामदेवऱ्याची पिल्लं पिंजऱ्यातच म्हातारी होतील. कृत्रिम रेतनाने माळढोक जन्माला घालता येतो, माळ नाही.

परतीच्या गाडीत एक सोलापूरकर कुटुंब भेटलं, जैसलमेर फिरून आलेलं. मी माळढोक पाहिला म्हटल्यावर त्यांच्यातल्या वडिलांनी विचारलं, ‘आपल्याकडे परत येईल का हो कधी?’

आला तर पिल्लं राजस्थानातून येतील, जागा मात्र आपल्याला द्यावी लागेल. नान्नजला, करमाळ्याला, कर्जत-श्रीगोंद्याकडे अजून माळ शिल्लक आहे. त्यावर काळवीट आहे, लांडगा आहे, धाविक आहे. पावसाळ्यात कोणी तिथे वृक्षारोपणाचे खड्डे खणायला आलं तर त्यांना सांगा, झाडं गावात लावा, रस्त्याकडेला लावा, माळ माळच राहू द्या. आणि सौर प्रकल्पाची किंवा नव्या वाहिनीची नोटीस ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल, तेव्हा ग्रामसभेला जा आणि तार जमिनीखालून का नेत नाही, हे लेखी विचारा. हरकतीची मुदत फार दिवसांची नसते.